एव्हरीडे की एव्हरी डे? इंग्रजीत शब्द जोडायचा की तोडायचा, ही वारंवार होणारी चूक कशी काढावी

आधी लिहिण्याची सोय सांगतो. खाली इंग्रजी शब्द देवनागरीतच लिहिले आहेत. रोमन लिपीत जिथे मोकळी जागा पडते, नेमकी तिथेच इथेही सोडली आहे. म्हणून वाचताना अक्षरांइतकंच मधल्या जागेकडे लक्ष द्या.

आता हा मेल बघा. अशा मेलची भाषा रोज शेकडो कचेऱ्यांतून फिरत असते:

“प्लीज लॉगिन टू द पोर्टल एव्हरीडे अँड बॅकअप द डेटा. इनफॅक्ट, अलॉट ऑफ फाइल्स अपटू लास्ट वीक आर मिसिंग. प्लीज गिव्ह अस समटाइम, वुई मेबी एबल टू रिकव्हर देम.”

या तीन वाक्यांत जोडण्या-तोडण्याच्या आठ चुका आहेत: लॉगिन, एव्हरीडे, बॅकअप, इनफॅक्ट, अलॉट, अपटू, समटाइम, मेबी. आठही ठिकाणी दोन शब्द हवे होते. पण संगणकाची लाल रेघ यातल्या तिघांखालीच उमटते: इनफॅक्ट, एका एलचं अलॉट आणि अपटू. उरलेल्या पाच शब्दांना तो हात लावत नाही, कारण ते पाचही शब्दकोशात आहेत. फक्त या वाक्यात ते चुकीच्या जागी बसले आहेत.

चूक पुन्हापुन्हा येते ती यामुळेच. लाल रेघ नाही म्हणजे बरोबर, असं गृहीत धरलं जातं. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या गटातलं जोडरूप इंग्रजीत मुळात नाहीच, तिथे यंत्र मदत करतं. दुसऱ्या गटात जोडलेलं आणि तोडलेलं अशी दोन्ही रूपं खरी आहेत, अर्थ मात्र निराळे. तिथे परीक्षा आपणच घ्यायची.

मूळ कुठे आहे

मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं. घरावर, टेबलाखाली, शाळेपर्यंत, निदानपक्षी. लहानपणापासून हात असाच वळलेला असतो. इंग्रजीत हेच काम करणारा शब्द नामाच्या आधी येतो आणि सुटा राहतो. मनात ‘पर्यंत’ हा एक शब्द असतो, म्हणून हात ‘अपटू’ लिहून मोकळा होतो. ‘निदान’ एक शब्द, म्हणून ‘ॲटलीस्ट’. ‘खरं तर’ एका दमात म्हणतो, म्हणून ‘इनफॅक्ट’. ‘समोर’ एक शब्द, म्हणून ‘इनफ्रंट’. ‘दररोज’ एक शब्द, म्हणून ‘एव्हरीडे’.

दुसरं कारण कानाचं. इंग्रजी जोडशब्दात बहुधा पहिल्या भागावर जोर असतो. ग्रीनहाऊस म्हणजे रोपांचं काचघर, तिथे ‘ग्रीन’वर जोर. ग्रीन हाऊस म्हणजे हिरव्या रंगाचं घर, तिथे ‘हाऊस’वरही तितकाच जोर. आपल्या बोलण्यात असा आघात अर्थ बदलत नाही, त्यामुळे तो फरक कानाला जाणवत नाही. ‘ऐकून लिहा’ हा सल्ला इंग्रजांच्या मुलांना थोडाफार उपयोगी पडतो, आपल्याला नाही. आपल्याला अर्थावरून आणि व्याकरणावरून जावं लागतं, आणि तो रस्ता जास्त पक्का आहे.

पहिला गट: कायम दोन शब्द

हे पाठ करून टाकावेत, यात तर्क शोधत बसू नये: इन फॅक्ट, अ लॉट, अप टू, ॲट लीस्ट, इन स्पाइट ऑफ, इन केस, इन फ्रंट ऑफ, ऑफ कोर्स, ॲज वेल, ईच अदर, एव्हरी टाइम, इव्हन दो, थँक यू, नो वन.

‘नो वन’ थोडा चमत्कारिक आहे. एव्हरीवन, समवन, एनीवन जोडलेले आणि नोबडी, नथिंगही जोडलेले, मग हाच सुटा का? जोडला तर दोन ओ शेजारी येतात आणि डोळा ‘नून’ वाचू लागतो. म्हणून आजच्या लेखनात तो तुटलेलाच ठेवतात.

‘अ लॉट’बद्दल भारतीय लिहिणाऱ्यांनी जास्त सावध राहायला हवं. दोन एलचं ‘अलॉट’ म्हणजे वाटप करणं, आणि प्लॉट, सदनिका, शेअर, परीक्षा केंद्र यांच्या कागदपत्रांत हा शब्द सतत येतो. घाईत लाल रेघेवर क्लिक करून सुचवणींतला ‘अलॉट’ निवडला की रेघ जाते आणि चूक पक्की होते. ‘पुष्कळ’ म्हणायचं असेल तर अ, मग जागा, मग लॉट.

याच्या उलटही होतं. सावधपणे लिहिणारे कधीकधी एकच असलेला शब्द तोडतात. विदाउट, इन्स्टेड, ऑलदो, अनदर, देअरफोर, व्हेअरॲज, नेव्हरदलेस, नॉटविथस्टँडिंग हे सगळे अखंड आहेत. ‘कॅननॉट’ही एकच शब्द. तो तुटतो ते ‘नॉट’ पुढच्या शब्दाबरोबर जात असेल तेव्हा: शी कॅन नॉट ओन्ली सिंग बट ऑल्सो कंपोज. इथे ‘नॉट ओन्ली’ ही जोडी आहे.

इन स्पाइट दोन शब्द, पण त्याच अर्थाचा डिस्पाइट एक. आणि डिस्पाइटनंतर ‘ऑफ’ येत नाही. या दोघांची सरमिसळ फार होते.

दुसरा गट: मराठी शब्द हीच कसोटी

इथे मराठी माणसाकडे एक हत्यार तयारच असतं. अडलेल्या जागी मराठी शब्द ठेवून बघायचा. मराठीत दोन अर्थांना दोन वेगळे शब्द असले, की इंग्रजीतलं रूप आपोआप ठरतं.

‘रोज’ बसत असेल तर एव्हरी डे, ‘रोजचा, नेहमीचा’ बसत असेल तर एव्हरीडे. आय वॉक एव्हरी डे म्हणजे मी रोज चालतो. एव्हरीडे क्लोद्ज म्हणजे रोजचे कपडे. आणखी पक्कं करायचं असेल तर मध्ये ‘सिंगल’ घाला. ‘एव्हरी सिंगल डे’ चालत असेल तर शब्द तुटलाच पाहिजे. ‘एव्हरी सिंगल डे क्लोद्ज’ चालत नाही, म्हणून तिथे जोडलेलं रूप. जोडलेल्या रूपापुढे बहुतेक वेळा एखादं नाम उभं असतं. वाक्य ‘एव्हरीडे’वरच संपत असेल तर जवळजवळ खात्रीने ती चूक असते.

‘कदाचित’ असेल तर मेबी, ‘असू शकेल’ असेल तर मे बी. मेलमधल्या वाक्यात ‘आम्हाला त्या परत मिळवता येऊ शकतील’ असा अर्थ आहे, आणि ‘मे बी’ काढला तर वाक्यात क्रियापदच उरत नाही. म्हणून तोडायचं. ‘मेबी’ काढला तरी वाक्य उभं राहतं: मेबी इट विल रेन.

सम आणि टाइमची तीन रूपं आहेत. सम टाइम म्हणजे काही वेळ, समटाइम म्हणजे कधीतरी, समटाइम्स म्हणजे कधीकधी. ‘प्लीज गिव्ह मी समटाइम’ असं लिहिलं तर ‘मला कधीतरी द्या’ असं होऊन बसतं, आणि काय द्यायचं ते वाक्यात राहूनच जातं. मागायचा वेळ नेहमी सम टाइम.

ऑलरेडी म्हणजे आधीच, ऑल रेडी म्हणजे सगळे तयार. ऑलटुगेदर म्हणजे पूर्णपणे किंवा एकंदरीत, ऑल टुगेदर म्हणजे सगळे एकत्र. या दोन्हींत जोडताना एक एल गळतो, हेही लक्षात असू द्या. एनीवे म्हणजे असो किंवा तरीही, एनी वे म्हणजे कोणताही मार्ग. एनीवन म्हणजे कोणीही, एनी वन म्हणजे यांतलं कोणतंही एक, आणि त्यापुढे बहुधा ‘ऑफ’ असतो. एव्हरीवन आणि एव्हरी वन ऑफ यांचंही तसंच.

नोकरीच्या अर्जात सर्वांत महागात पडणारी जोडी म्हणजे अ पार्ट आणि अपार्ट. अ पार्ट म्हणजे एक भाग, अपार्ट म्हणजे अलग. म्हणजे अर्थ थेट विरुद्ध. ‘आय वुड लाइक टू बी अपार्ट ऑफ युअर टीम’ असं लिहिणारा उमेदवार प्रत्यक्षात टीमपासून दूर राहायची इच्छा व्यक्त करतो. कसोटी सोपी आहे. पुढे ‘ऑफ’ असेल तर तोडा, ‘फ्रॉम’ असेल तर जोडा. अ पार्ट ऑफ, अपार्ट फ्रॉम. अर्ज पाठवण्याआधी एवढा एक शब्द शोधून बघावाच.

लॉगिन, बॅकअप, सेटअप: इथे मराठी अर्थ पुरत नाही

कार्यालयीन इंग्रजीत सर्वांत जास्त गोंधळ याच शब्दांचा होतो. ‘बॅकअप घेतला’ आणि ‘डेटा बॅकअप केला’ असं आपण दोन्ही म्हणतो, म्हणून मराठी शब्द ठेवून काही कळत नाही. इथे व्याकरणाची कसोटी लावायची.

त्या शब्दाचा भूतकाळ करून बघा. ‘बॅक्ड अप’ होतो, ‘बॅकअप्ड’ होत नाही. ‘लॉग्ड इन’ होतो, ‘लॉगिन्ड’ होत नाही. क्रियापदाचा प्रत्यय मधोमध शिरतो, म्हणजे तिथे जागा असणारच. म्हणून क्रिया सांगायची असेल तर दोन शब्द: लॉग इन, बॅक अप, सेट अप, शट डाउन, चेक आउट, हँड ओव्हर, ब्रेक डाउन. त्याच क्रियेचं नाव घ्यायचं असेल, म्हणजे आधी ‘अ’, ‘द’ किंवा ‘युअर’ लागत असेल, तर जोडून: अ बॅकअप, द सेटअप, युअर लॉगिन, अ ब्रेकडाउन. नामापुढे विशेषण म्हणून आला तरी जोडूनच: बॅकअप फाइल, लॉगिन पेज.

त्यामुळे संकेतस्थळाच्या बटणावर ‘लॉग इन’ हवं, कारण ते बटण काहीतरी करायला सांगतं. चौकटीच्या डोक्यावर ‘लॉगिन डीटेल्स’ हवं, कारण तिथे ते नाव आहे.

नामात नेहमी सरळ जोड होतो असं नाही, काही ठिकाणी संयोगचिन्ह राहतं. ‘इन’ने संपणारी नामं बहुधा चिन्हासह लिहितात: चेक-इन, साइन-इन, ब्रेक-इन. लॉगिन हा अपवाद रुळला आहे. ‘अप’ने संपणाऱ्यांत बॅकअप, सेटअप, मेकअप, पिकअप जोडलेले सर्रास दिसतात, पण फॉलो-अप आणि मिक्स-अप यांत चिन्ह टिकून आहे. इथे नियम शोधू नका, कोश उघडा. आणि क्रियापद कोणतंही असो, त्यात चिन्हही नको आणि जोडही नको: आय विल फॉलो अप टुमॉरो.

एक उलटा प्रकारही लक्षात ठेवावा. ‘अप’, ‘डाउन’, ‘ओव्हर’, ‘आउट’ हे शब्द मागे लागले तर क्रियापद तुटतं. तेच पुढे आले तर क्रियापदही जोडून लिहितात: अपडेट, अपलोड, डाउनलोड, ओव्हरकम, आउटसोर्स, बायपास. आपल्या उपसर्गांसारखंच हे, उपसर्ग कधी सुटा लिहीत नाहीत. आणि जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजर फिरवणं, ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणं किंवा दुर्लक्ष करणं. ‘प्लीज ओव्हरलुक द ड्राफ्ट’ असं वरिष्ठांना लिहिलं, तर मसुद्याकडे दुर्लक्ष करा अशी विनंती होते. हवं होतं ‘प्लीज लुक ओव्हर द ड्राफ्ट’.

इन टू आणि इनटू

शाळेत आपण ‘पाच इनटू तीन’ म्हणत गुणाकार शिकतो, त्यामुळे इनटू हा शब्द एकसंध म्हणून डोक्यात पक्का असतो. मेलमध्ये तो चुकीच्या जागी शिरतो तो इथूनच.

‘इन’ कोणाचा, हे विचारा. ‘लॉग इन’ हे क्रियापद ‘इन’वर पुरं होतं आणि ‘टू’ हा पोर्टलचा आहे. म्हणून लॉग इन टू द पोर्टल, तीन सुटे शब्द. ‘आत शिरणं’ किंवा ‘एकाचं दुसरं होणं’ असा अर्थ असेल तिथे इनटू जोडून: शी वॉक्ड इनटू द रूम, वॉटर टर्न्स इनटू स्टीम.

आता ‘टर्न इन’ घ्या, म्हणजे कागद जमा करणं. ‘शी टर्न्ड द फॉर्म इन टू द क्लार्क’ म्हणजे तिने फॉर्म कारकुनाकडे जमा केला. तीच जागा बुजवून ‘इनटू’ केलं, तर तिने फॉर्मचा कारकून करून टाकला असा अर्थ निघतो. एक बोटभर जागा एवढं काम करते.

ऑनटूलाही हीच कसोटी लागते, फक्त ब्रिटिश लेखनात ‘वर’ या अर्थीही ऑन टू असं सुटं रूप चालतं. म्हणून तिथे कोणी तोडलं असेल तर लगेच लाल पेन उचलू नये.

संयोगचिन्ह: नामाआधी हो, नामानंतर नाही

दोन-तीन शब्द मिळून पुढच्या नामाचं एकच विशेषण होत असेल तर मध्ये चिन्ह लागतं. ॲन अप-टू-डेट लिस्ट, पण द लिस्ट इज अप टू डेट. अ वेल-नोन डॉक्टर, पण द डॉक्टर इज वेल नोन. अ टेन-इयर-ओल्ड बॉय, पण द बॉय इज टेन इयर्स ओल्ड. इथे चिन्हाबरोबर ‘इयर’चं अनेकवचनही बदलतं, आणि बरेच जण तेच चुकतात. ‘न्यूली बिल्ट’सारख्या ‘ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर मात्र चिन्ह देत नाहीत.

चिन्ह केवळ शोभेचं नाही. ‘ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे चार तासांच्या वीस पाळ्या, एकूण ८० तास. ‘ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे प्रत्येकी २४ तासांच्या पाळ्या. ‘ट्वेंटी-फोर अवर शिफ्ट्स’ लिहिलं तर काटेकोर वाचणारा एकेक तासाच्या २४ पाळ्या समजेल. कंत्राटात हे शब्द असतील तर प्रश्न थेट पैशांचा होतो.

दोन कोश दोन गोष्टी सांगतात तेव्हा

इंग्रजीतला जोड काळाबरोबर घट्ट होत जातो. ‘टुडे’ आणि ‘टुमॉरो’ विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाही चिन्हासह छापले जात. शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाच्या २००७च्या सहाव्या आवृत्तीने सुमारे १६,००० शब्दांतलं संयोगचिन्ह काढून टाकलं. त्यांतले काही तुटले, जसं आइस क्रीम. काही जुळले, जसं बंबलबी. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेने २०११मध्ये ई-मेलमधलं चिन्ह काढलं. तेव्हा घरातला जुना कोश आणि फोनमधला कोश यांत फरक दिसला, तर दोघांपैकी कोणी चुकलं असेलच असं नाही.

देशही फरक करतात. अमेरिकेत परसेंट एक शब्द, ब्रिटनमध्ये पारंपरिक रूप पर सेंट. आपली रिझर्व्ह बँक आपल्या अहवालांत पर सेंट असं सुटं लिहिते. अमेरिकेत ट्रेडमार्क, तर आपला कायदा ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९. ‘ऑलराइट’ अनौपचारिक लेखनात पुष्कळ दिसतो, औपचारिक पत्रात ऑल राइट हेच सुरक्षित.

कायद्याचं किंवा संस्थेचं नाव मात्र कोशाप्रमाणे दुरुस्त करू नका. महाराष्ट्राच्या १९६०च्या सहकार कायद्याच्या नावात को-ऑपरेटिव्ह चिन्हासह आहे, तर केंद्राच्या २०२१मध्ये स्थापन झालेल्या सहकार मंत्रालयाच्या नावात कोऑपरेशन चिन्हाशिवाय. राज्यघटनेत व्हाइस-प्रेसिडेंट चिन्हासह आहे. जसं मूळ नाव तसंच उतरवायचं.

कोशात बघताना शब्द सापडला एवढ्यावर थांबू नये. ‘एव्हरीडे’ सापडतोच. त्याच्यापुढे नाम, विशेषण की क्रियापद यांपैकी काय लिहिलंय ते वाचा. एव्हरीडेपुढे विशेषण, बॅकअपपुढे नाम, आणि बॅक अप हा क्रियापद म्हणून वेगळा नोंदवलेला दिसेल. केंब्रिज, ऑक्सफर्ड लर्नर्स आणि मेरियम-वेबस्टर हे तीनही कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात.

यंत्राला कामाला लावा

वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स असं जा. ‘रिप्लेस’च्या रकान्यात चुकीचं रूप, ‘विथ’च्या रकान्यात बरोबर रूप टाका आणि ‘ॲड’ दाबा. इनफॅक्ट, अपटू, ॲटलीस्ट, इनस्पाइट, ईचअदर, एव्हरीटाइम, एका एलचं अलॉट, अशा पहिल्या गटातल्या सगळ्या शब्दांच्या नोंदी केल्या की तो गट कायमचा सुटतो. गूगल डॉक्समध्ये हीच सोय टूल्स, प्रेफरन्सेस, सबस्टिट्यूशन्स इथे आहे.

दुसऱ्या गटातला एकही शब्द या यादीत घालू नका. ‘एव्हरीडे’चं आपोआप ‘एव्हरी डे’ होऊ लागलं, तर बरोबर लिहिलेले रोजचे कपडेही बिघडतील. त्यांच्यासाठी कागद पूर्ण झाल्यावर कंट्रोल आणि एफ दाबून एकेक शब्द शोधा: एव्हरीडे, मेबी, समटाइम, अपार्ट, इनटू, लॉगिन, बॅकअप, सेटअप. प्रत्येक सापडलेल्या जागी वरची कसोटी लावा. दोन पानांच्या पत्राला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्याआधी रिव्ह्यू, लँग्वेज, सेट प्रूफिंग लँग्वेज इथे इंग्लिश इंडिया किंवा इंग्लिश युनायटेड किंगडम निवडलेलं आहे का ते पाहा, नाहीतर अमेरिकी रूपांप्रमाणे सूचना येत राहतील.

फोनवर एक वेगळी अडचण असते. कीबोर्ड आपण वारंवार लिहिलेलं चुकीचं रूप शिकून घेतो आणि पुढच्या वेळी स्वतःच सुचवतो. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये अशी सूचना वर दिसली की तिच्यावर बोट दाबून धरा आणि ती ओढून कचऱ्याच्या डब्यात टाका. तरीही परत आली, तर फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात ती कधी हाताने घातली गेली आहे का ते तपासून तिथूनही पुसा.